ऑक्टोबर हुकला : जेम्स कॅलहन आणि न झालेली निवडणूक

७ सप्टेंबर १९७८ रोजी संध्याकाळी ब्रिटनचे पंतप्रधान जेम्स कॅलहन टीव्हीवर आले, तेव्हा ते निवडणुकीची तारीख सांगणार हे जवळजवळ सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वर्तमानपत्रांनी ५ ऑक्टोबर ही तारीखही परस्पर ठरवून टाकली होती. कॅलहन यांनी सांगितलं ते उलटंच : निवडणूक इतक्यात नाही, सरकार काम चालू ठेवणार. आठ महिन्यांनी ते पंतप्रधान राहिले नव्हते, आणि त्यांचा मजूर पक्ष पुढची अठरा वर्षं विरोधी बाकांवर बसला.

या प्रकरणाचा एक ठरलेला अर्थ सांगितला जातो : म्हातारा कचरला, संधी दवडली, आणि विरोधी हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. मला हा अर्थ अर्धाच पटतो. निवडणूक पुढे ढकलणं हे तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर चूक नव्हतं. पगारवाढीवर घातलेली पाच टक्क्यांची मर्यादा एकटी पाहिली तर तिच्यामागचा विचारही समजतो. पण हे दोन निर्णय एकत्र नांदणं शक्य नव्हतं, आणि ते एकमेकांसमोर ठेवून कुणी पाहिलेच नाहीत.

पार्श्वभूमी

कॅलहन यांचा जन्म १९१२ सालचा, पोर्ट्समथचा. वडील आरमारात, मुलगा नऊ वर्षांचा असताना वारले. विद्यापीठात जायला पैसे नव्हते, म्हणून सतराव्या वर्षी परीक्षा देऊन करखात्यात कारकून झाले आणि तिथूनच कर्मचारी संघटनेचे पूर्णवेळ पदाधिकारी. १९४५ मध्ये कार्डिफमधून खासदार. पुढे अर्थमंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान अशी चारही मोठी पदं भूषवणारे विसाव्या शतकातले ते एकमेव ब्रिटिश राजकारणी. आपल्याकडच्या लोकांच्या दृष्टीने त्यांची गृहमंत्रिपदाची कारकीर्द फारशी गोड नाही. केनियातल्या ब्रिटिश पासपोर्टधारक भारतीय वंशाच्या लोकांना ब्रिटनचे दरवाजे अडवणारा १९६८ चा कायदा त्यांनीच काही दिवसांत संसदेतून घाईने मंजूर करून घेतला.

या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र १९६९ सालची. मजूर पक्षाच्याच मंत्री बार्बरा कासल यांनी संपांना कायद्याची वेसण घालायचा प्रस्ताव आणला, तेव्हा मंत्रिमंडळात राहून त्याला उघड विरोध करणाऱ्यांत कॅलहन आघाडीवर होते. कामगार संघटनांशी कायद्याने नाही, सामोपचाराने वागायचं, ही त्यांची आयुष्यभराची धारणा. दहा वर्षांनी त्याच संघटनांनी त्यांना घेरलं, तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता आणि सामोपचारही संपला होता.

एप्रिल १९७६ मध्ये ते पंतप्रधान झाले ते चौसष्टाव्या वर्षी. पहिल्याच वर्षी पौंड कोसळला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरावे लागले. ते प्रकरण त्यांनी ज्या पद्धतीने हाताळलं, ती पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाच्या एकामागून एक बैठका घेतल्या. खर्चकपातीला विरोध असलेले टोनी क्रॉसलंड बोलले, आयातीवर निर्बंध घाला म्हणणारे टोनी बेन बोलले, प्रत्येकाच्या पर्यायाची चिरफाड सगळ्यांदेखत झाली. शेवटी कपात झालीच, पण एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

१९७८ च्या उन्हाळ्यात चित्र बरंच सुधारलं होतं. ऑगस्ट १९७५ मध्ये जवळपास २७ टक्क्यांवर गेलेली महागाई आठच्या आसपास आली होती. बेकारी मात्र पंधरा लाखांच्या घरात होती, आणि बेकारांच्या रांगेचं चित्र दाखवणारं हुजूर पक्षाचं पोस्टर त्याच ऑगस्टमध्ये भिंतींवर झळकलं. संसदेत सरकारकडे बहुमत नव्हतं. ऑक्टोबर १९७४ मध्ये मिळालेलं तीन जागांचं बहुमत पोटनिवडणुकांत कधीच विरून गेलं होतं. मार्च १९७७ पासून डेव्हिड स्टील यांच्या लिबरल पक्षाच्या टेकूवर कारभार चालला होता, तो टेकूही १९७८ च्या उन्हाळ्यात निघाला. संसदेची मुदत १९७९ च्या शरदापर्यंत होती. तोवर निवडणूक कधी घ्यायची हे ठरवणं पूर्णपणे पंतप्रधानांच्या हातात.

पाच टक्के

महागाई उतरली त्यात पगारमर्यादेचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये आठवड्याला सहा पौंडांची सरसकट वाढ, मग साधारण पाच टक्के, मग दहा टक्के अशी तीन वर्षं कामगारांनी कळ काढली. पहिली दोन वर्षं हे संघटनांच्या संमतीने झालं, कारण वाहतूक कामगारांचे नेते जॅक जोन्स ठामपणे पाठीशी उभे होते. तिसऱ्या वर्षी जोन्स यांच्याच संघटनेने त्यांचं ऐकलं नाही. १९७८ मध्ये जोन्स निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले मॉस एव्हान्स आणि एकूणच नवी फळी यांच्याकडे सभासदांना थोपवण्याची ताकद नव्हती, इच्छाही नव्हती.

अशा वेळी सरकारने जुलैमध्ये चौथ्या वर्षासाठी पाच टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. महागाई आठ टक्के असताना पाच टक्के वाढ म्हणजे हातात पडणाऱ्या पैशाची किंमत घटणार, हे कुणालाही कळत होतं. त्यातही सगळ्यात जास्त चिडले होते कुशल कामगार. सरसकट वाढीमुळे त्यांचं आणि अकुशलांचं वेतनातलं अंतर वर्षागणिक आकसत चाललं होतं.

मग आकडा इतका कमी का ठेवला? कॅलहन यांचं उत्तर सरळ होतं. दहा म्हटलं की प्रत्यक्षात चौदा-पंधरा होतात, हा आदल्या वर्षीचा अनुभव. पाच म्हटलं तर निदान आठ-नऊवर थांबेल. हिशेब वाईट नव्हता. पण आकडा एकदा छापील झाला की तो मोजपट्टी बनतो. सहा टक्के दिले तरी सरकार हरलं, असं दिसणार होतं.

संघटनांच्या नेत्यांनी आरडाओरडा केला, पण जीव तोडून नाही. ऑक्टोबरात निवडणूक आहे, पाच टक्के हा प्रचारातला आकडा आहे, निवडून आल्यावर बसून बोलू, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे उन्हाळ्यातली शांतता मर्यादेला मिळालेली संमती नव्हती, निवडणुकीच्या अपेक्षेने पाळलेला संयम होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची जागा हीच.

ऑगस्टमधले पर्याय

संसदेच्या सुट्टीत कॅलहन ससेक्समधल्या आपल्या शेतावर गेले. सोबत जनमत चाचण्यांचे कागद आणि मतदारसंघनिहाय आकडेवारी. गुरंढोरं, पीकपाणी सांभाळून ते एकेक जागा मोजत बसले. निष्कर्ष असा निघाला की ऑक्टोबरात निवडणूक घेतली तर दोन्ही मोठे पक्ष तीनशेच्या थोडे वर राहतील आणि संसद त्रिशंकू होईल. पुन्हा टेकू शोधत फिरण्याचा त्यांना मनापासून वीट आला होता.

ऑक्टोबरच्या बाजूने बोलणारे बरेच होते. मंत्रिमंडळात बहुमत त्याच बाजूचं. १ सप्टेंबरला शेतावर जेवायला बोलावलेल्या बड्या कामगार नेत्यांपैकी बहुतेकांनीही तेच सांगितलं : आत्ता घ्या, हिवाळ्यात आम्हाला सभासद आवरणार नाहीत. यापेक्षा स्पष्ट इशारा कुठल्या सल्लागाराने कधी दिला असेल असं वाटत नाही.

वसंतापर्यंत थांबण्याच्या बाजूनेही मुद्दे होते. लोकांच्या खिशात करकपातीचा पैसा खेळू लागला होता, आणखी काही महिने मिळाले तर सुबत्तेची जाणीव पक्की होईल. फेब्रुवारीत नवी मतदारयादी येणार होती, ती मजूर पक्षाला अनुकूल ठरते असा अनुभव. स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वायत्ततेवर सार्वमत व्हायचं होतं, तोवर स्कॉटिश राष्ट्रवादी सरकार पाडणार नाहीत. उत्तर आयर्लंडला जास्त जागा देण्याचं विधेयक येऊ घातलं होतं, त्यामुळे तिथले युनियनिस्टही, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणारे, सबुरीने घेतील. मायकेल फूट यांच्यासारखा वजनदार सहकारी थांबण्याच्या मताचा होता.

तिसरा पर्याय कुणी मांडलाच नाही : थांबायचं, पण आकडा सोडायचा. आणि कागदावर आणखी एक रकाना रिकामा राहिला. ऑक्टोबरात काय होईल याचं मोजमाप झालं, वसंतात किती सुधारेल याची आशा मांडली गेली. हिवाळा बिघडला तर किती वाईट हरू, हा प्रश्न त्या गणितात दिसत नाही.

निर्णय कसा झाला, कसा सांगितला

निर्णय शेतावर, एकट्याने झाला. फूट, अर्थमंत्री डेनिस हीली अशा मोजक्यांनाच आधी कल्पना होती. मंत्रिमंडळाला ७ सप्टेंबरच्या सकाळी सांगण्यात आलं. चर्चा नाही, मतं नाहीत. नाणेनिधीच्या वेळचे कॅलहन आणि हे कॅलहन यांच्यात दोनच वर्षांचं अंतर आहे, यावर विश्वास बसत नाही.

त्याआधी दोन दिवस ब्रायटनमध्ये कामगार संघटनांच्या महासंघाची, म्हणजे टीयूसीची, परिषद होती. तिथे पंतप्रधानांनी भाषणाच्या ओघात एक जुनं विनोदी गाणं गुणगुणून दाखवलं. नवरदेव येतच नाही आणि नवरी चर्चपाशी ताटकळते, असं ते गाणं. त्यांना सुचवायचं होतं की निवडणुकीचं वचन मी कुणालाच दिलेलं नाही. सभागृहाने ऐकलं भलतंच : ताटकळणार त्या थॅचरबाई! लोक हसत, टाळ्या वाजवत बाहेर पडले, निवडणूक नक्की असं समजून.

दोन दिवसांनी टीव्हीवरची घोषणा झाली तेव्हा त्याच नेत्यांना आपली चेष्टा झाल्यासारखं वाटलं. काहींनी निवडणुकीसाठी पैसा आणि माणसं बाजूला काढून ठेवली होती. त्यांच्या मदतीवरच पुढचा हिवाळा काढायचा होता. गोड बातमी संदिग्धपणे सांगितली तर फार बिघडत नाही, कटू बातमी अशी सांगणं महागात पडतं. पट्टीच्या राजकारण्याने हे करावं याचं आजही नवल वाटतं.

हिवाळा

पुढचं वेगाने घडलं. पंधरवड्याच्या आत फोर्ड मोटारीच्या कारखान्यांत संप सुरू झाला. फोर्ड नफ्यात होती, पाच टक्क्यांवर थांबायचं तिला काही कारण नव्हतं. २ ऑक्टोबरला ब्लॅकपूलमध्ये मजूर पक्षाच्याच अधिवेशनाने पाच टक्क्यांची मर्यादा ४० लाखांहून जास्त विरुद्ध सुमारे १९ लाख अशा गठ्ठा मतांनी, म्हणजे संघटनांनी आपल्या सगळ्या सभासदांच्या वतीने टाकलेल्या मतांनी, फेटाळली.

१४ नोव्हेंबरला तडजोडीची एक खरीखुरी संधी आली. सरकार आणि टीयूसी यांनी मिळून तयार केलेलं, आकड्याचा फार बाऊ न करणारं निवेदन टीयूसीच्या कार्यकारिणीपुढे आलं. मतं पडली १४ विरुद्ध १४. अध्यक्षांनी निर्णायक मत बाजूने टाकलं नाही, निवेदन बारगळलं. मॉस एव्हान्स त्या दिवशी सुट्टीवर होते.

आठवडाभरात फोर्डने १७ टक्के वाढ देऊन संप मिटवला. सरकारने फोर्डवर निर्बंध लादायचं ठरवलं, तर १३ डिसेंबरला संसदेने ते निर्बंधच नामंजूर केले. खासगी कंपन्यांना आवरण्याचं सरकारचं एकमेव हत्यार गेलं. आता पाच टक्के लागू होत होते फक्त सरकारी आणि नगरपालिकांच्या नोकरांना, म्हणजे सगळ्यात कमी पगारवाल्यांना.

जानेवारीत ट्रकचालक संपावर गेले, बंदरांवर आणि कारखान्यांच्या दारात संपकऱ्यांचे पहारे बसले. थंडीही बऱ्याच वर्षांत पडली नव्हती अशी पडली. त्यातच कॅलहन शिखर परिषदेसाठी कॅरिबियनमधल्या ग्वादलूपला गेले. १० जानेवारीला परतले तेव्हा विमानतळावर पत्रकारांशी बोलू नका असा सल्ला एकाने दिला, बोला असा दुसऱ्याने. ते बोलले. देशात अराजक माजत चाललंय असं बाहेरच्या जगाला वाटणार नाही, असं काहीसं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ‘द सन’ने मथळा दिला : ‘संकट? कसलं संकट?’ हे शब्द त्यांच्या तोंडचे नव्हेत, पण आज त्यांच्या नावावर तेवढेच उरलेत.

२२ जानेवारीला सुमारे पंधरा लाख सार्वजनिक नोकरांनी काम बंद ठेवलं. शाळा बंद, रुग्णालयांत फक्त तातडीचे रुग्ण. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे ढीग लागले. लिव्हरपूल आणि टेमसाइड इथे कबरी खोदणाऱ्यांनी संप केला आणि मृतदेह दफनाविना पडून राहिले. संपकरी मूठभर होते, पण त्या बातमीने जे नुकसान केलं ते फोर्डच्या हजारो कामगारांच्या संपानेही केलं नव्हतं. फेब्रुवारीत जनमत चाचण्यांत हुजूर पक्षाची आघाडी सुमारे वीस गुणांवर गेली. आणीबाणी जाहीर करायची का, यावर मंत्र्यांनी खल केला आणि ती केली नाही. १४ फेब्रुवारीला टीयूसीशी समझोता झाला. तोवर उशीर झाला होता.

एका मताने

१ मार्चच्या सार्वमतात वेल्सने स्वायत्तता चौपट मतांनी नाकारली. स्कॉटलंडमध्ये ५१.६ टक्के मतं बाजूने पडली. पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा, ही अट मजूर पक्षाच्याच एका खासदाराच्या दुरुस्तीने कायद्यात घुसली होती. प्रत्यक्षात पाठिंबा भरला ३२.९ टक्के. स्कॉटिश राष्ट्रवादी बिथरले, अविश्वासाचा ठराव आला. त्यांनी सरकार पाडायला निघणं म्हणजे नाताळच्या जेवणात जिचा बळी जातो त्या टर्कीनेच नाताळ लवकर यावा म्हणून मत देणं, असा टोला कॅलहन यांनी मारला, आणि तो खराही ठरला : त्यांचे अकरा खासदार होते, दोन उरले.

२८ मार्च १९७९ च्या रात्री सरकार ३११ विरुद्ध ३१० असं पडलं. १९२४ नंतर अविश्वासाने पडलेलं हे पहिलंच सरकार. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन अत्यवस्थ होते. त्यांना रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारात आणलं असतं तर मत धरलं गेलं असतं. पण वाटेतच काही झालं तर, या विचाराने कॅलहन यांनी नकार दिला. पाच दिवसांनी ब्रॉटन वारले. या एका निर्णयाबद्दल त्यांना कुणी दोष दिलेला माझ्या वाचनात नाही, आणि मीही देणार नाही.

३ मे रोजी निवडणूक झाली. हुजूर पक्षाला ३३९ जागा, मजूर पक्षाला २६९.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा जुलैची. पाच टक्क्यांऐवजी ‘एक अंकी वाढ’ इतकं मोघम सूत्र ठेवलं असतं तर संपांचा हिवाळा टळला असता, असं हीली यांनी नंतर लिहिलं. मला हे पूर्णपणे पटतं. वाटाघाटीला जागा उरली असती आणि आठ टक्क्यांवर झालेली तडजोड सरकारचा विजय म्हणून दाखवता आली असती.

दुसरी सप्टेंबरची. थांबायचं ठरलं त्याच दिवशी जुलैचं सूत्र पुन्हा उघडायला हवं होतं. ज्या संयमावर उन्हाळा निभावला, त्याचं कारणच ७ सप्टेंबरला नाहीसं झालं. मंत्रिमंडळात मोकळी चर्चा झाली असती तर हा मुद्दा कुणीतरी नक्की काढला असता. तिथे तोंडाला कुलूप न लावणारे लोक भरपूर होते.

तिसरी, कमी पगाराच्या सार्वजनिक नोकरांची. त्यांच्या पगाराची तुलना इतरांशी करून शिफारस करणारा आयोग प्राध्यापक ह्यू क्लेग यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला, पण मार्च १९७९ मध्ये. तोच ऑक्टोबरात नेमता आला असता. उशिरा नेमल्यामुळे त्याच्या शिफारशींचं बिल थॅचर सरकारला भरावं लागलं, एवढाच काय तो काव्यगत न्याय.

आणि ऑक्टोबरात हरलेच असते तर? बहुधा थोडक्यात हरले असते. कबरी आणि कचऱ्याची छायाचित्रं तेव्हा अस्तित्वात नव्हती, आणि तीच पुढे अठरा वर्षं प्रत्येक प्रचारात वापरली गेली. निसटत्या बहुमताच्या थॅचर यांना १९८० नंतरचे कामगार कायदे इतक्या सहज रेटता आले असते का, याची मला शंका आहे.

प्रचाराच्या काळात गाडीतून जाताना कॅलहन आपले सल्लागार बर्नार्ड डोनह्यू यांना म्हणाले होते की दर तीसेक वर्षांनी राजकारणाचा प्रवाहच बदलतो, मग तुम्ही काय करता याला महत्त्व उरत नाही, आणि आता प्रवाह थॅचर यांच्या बाजूचा आहे. आकडे पाहिले तर हे पूर्ण खरं वाटत नाही. १९७९ मध्ये मजूर पक्षाला सुमारे १ कोटी १५ लाख मतं पडली, ऑक्टोबर १९७४ मध्ये जिंकताना पडली होती त्यापेक्षा किंचित जास्तच. पक्षाचा पाया तसाच होता. वाढली ती हुजूर पक्षाची मतं, आणि सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती कुशल कामगारांत, चार वर्षं पगारमर्यादेखाली ज्यांचं वेतनातलं अंतर आकसत गेलं होतं त्यांच्यात.